कादंबरीतली एसेक्शुअल नायिका वाचकांना ‘थंड’ का वाटते?

तुमची नायिका तिशीतली, लग्न ठरू घातलेली, एसेक्शुअल, म्हणजे कुणाबद्दलच फारसं किंवा अजिबात लैंगिक आकर्षण न वाटणारी. आणि पहिला खर्डा वाचणाऱ्या तिघांनाही ती ‘थंड’ वाटली, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते गडबड पात्रात कमी आणि माहिती उशिरा देण्यात जास्त असते.

कथेत एखादी बाई प्रेमाबिमापासून लांब दिसली की वाचक कारण शोधू लागतो. जुना प्रेमभंग असेल, लहानपणी काही वाईट घडलं असेल, आजार असेल. तुम्ही रिकामी सोडलेली जागा तो यांपैकी एका कारणाने भरून टाकतो. मग शेवटच्या प्रकरणात ‘एसेक्शुअल’ हा शब्द आला तर रहस्य उलगडल्यासारखा वाटतो आणि बाई मागेच राहते. त्यामुळे पहिल्या चतुर्थांशातच ते कळू द्या, एका साध्या प्रसंगातून.

आकर्षण नसणं थेट दाखवता येत नाही. त्या जागी काय आहे, ते दाखवता येतं. मैत्रिणी एखाद्या नटाबद्दल बोलतायत, तीही हसत सामील होते. पण या सगळ्या जणी अतिशयोक्ती करतायत, अशी तिची कॉलेजपासूनची प्रामाणिक समजूत आहे. एवढा एक परिच्छेद पानभर खुलाशापेक्षा जास्त काम करतो.

ठरवून केलेल्या लग्नाची पार्श्वभूमी तुमच्याकडे आहे, हे तर मोठंच भांडवल. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात उंची, पगार, फ्लॅट, पत्रिका सगळं विचारतात. ओढ वाटते का, हे कुणी विचारत नाही. तेव्हा तिचं ‘मुलगा पसंत आहे’ अगदी खरं असू शकतं. त्याचं बोलणं, त्याचा शांतपणा तिला मनापासून आवडलेला असतो. कोंडी होते ती लग्नानंतर, आणि तेव्हा आई म्हणते, ‘होईल गं हळूहळू सवय.’ ही आई दुष्ट नको. तिला खरंच तसं वाटतं, म्हणून तर ते वाक्य टोचतं.

पुढचा खर्डा हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवा. ती प्रेमात पडते का? (लैंगिक आकर्षण आणि प्रेमाची ओढ वेगवेगळ्या असू शकतात, दुसरीही नसेल तर ती अरोमँटिकसुद्धा.) मिठी, शेजारी झोपणं तिला हवंसं वाटतं का? आणि शरीरसंबंधाची तिला किळस आहे, की काहीच वाटत नाही, की जोडीदारासाठी चालेल असं आहे? हे तिन्ही प्रकार प्रत्यक्षात असतात, आणि प्रत्येकातून वेगळी कादंबरी निघते. नाही ठरवलं तर ती दर प्रकरणात वेगळीच वागते.

शब्दाचा घोळ आहेच. ‘अलैंगिक’ म्हटलं की आपल्याला शाळेतलं अलैंगिक प्रजनन आणि अमिबा आठवतो. ‘ब्रह्मचारी’ तर साफ चूक, कारण ब्रह्मचर्य हा निश्चय आहे आणि हा कल. संवादात ‘एसेक्शुअल’च ठेवा, किंवा तिला शब्द सापडेपर्यंत ‘मला तसं काही होतच नाही’ असं बोलू द्या.

सर्वांत वाईट चूक म्हणजे तिला ‘बरं’ करणं. ‘हाउस’ या अमेरिकी मालिकेच्या 2012 मधल्या एका भागात स्वतःला एसेक्शुअल म्हणवणारं जोडपं येतं. शेवटी नवऱ्याच्या मेंदूत गाठ निघते आणि बायको खोटं बोलत होती असं कळतं. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत, स्वतःला एसेक्शुअल म्हणवणाऱ्या व्यक्तीला लैंगिक इच्छा कमी असल्याच्या विकाराचं निदान लावू नये, असं आहे. तुमच्या कथेत डॉक्टर येणार असतील तर हे माहीत असू द्या. उलट ‘बोजॅक हॉर्समन’ या अमेरिकी अ‍ॅनिमेशन मालिकेतला टॉड बघा. 2017 च्या सीझनमध्ये तो स्वतःला एसेक्शुअल म्हणतो, पुढे तशाच मुलीशी त्याचं जुळतं, आणि त्याखेरीज दोघांत समान काही नाही म्हणून ते वेगळे होतात. तिथे एसेक्शुअल असणं हा स्वभावाचा एक भाग आहे, अख्खा स्वभाव नाही.

आता हस्तलिखितातून तो शब्द आणि त्याचे खुलासे तात्पुरते काढून वाचून बघा. तिला काय हवंय, ती कशावर चिडते, कुणासाठी धावते, हे उरलेल्या पानांत दिसत नसेल तर आधी ते लिहा. खुलाशाचा प्रसंग कादंबरीभरात एकच ठेवा, आणि तो ज्याच्याशी बोलताना तिचं काहीतरी पणाला लागतं त्याच्यासमोर. तुमच्या बाबतीत तो होणारा नवराच.