तुरुंगातून सुटलेल्यांसाठीच्या सेवांवर काउंटी देखरेख ठेवते म्हणजे नेमकं काय करते?

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यूच्या प्रबंधासाठी वाचताना अमेरिकेतल्या काउंट्यांच्या 'रीएन्ट्री' (तुरुंगातून सुटून समाजात परतणाऱ्यांसाठीच्या) सेवांचा उल्लेख सारखा येतो, पण त्यात कोण कोणावर लक्ष ठेवतं याचा पत्ता लागत नाही. शिवाय हे खरंच चालतं की नुसतं कागदावर आहे, असंही विचारलंय. मी कॅलिफोर्नियात, बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात) राहते. इथल्या एका छोट्या संस्थेचे हिशेब मी काही वर्षं सांभाळले. सुटून आलेल्यांना नोकरी आणि निवारा शोधून देण्याचं काउंटीचं कंत्राट त्या संस्थेकडे होतं. त्यामुळे माझं उत्तर कॅलिफोर्नियापुरतं धरा, इतर राज्यांची घडी वेगळी आहे.

मला जे दिसलं ते आधीच सांगून टाकते. देखरेख आहे, आणि बऱ्यापैकी उघड आहे. पण पैसा कुठे खर्च झाला हे कळलं की तिचं समाधान होतं. ज्याच्यासाठी खर्च झाला त्या माणसाचं पुढे काय झालं, हे विचारायची पाळी क्वचितच येते.

थोडी पार्श्वभूमी लागेल. इथे प्रिझन राज्याचं असतं आणि जेल काउंटीचं. काउंटी आवाक्याने साधारण आपल्या जिल्ह्यासारखी, पण तिचा शेरीफ (काउंटीचे पोलीस आणि जेल सांभाळणारा) आणि डिस्ट्रिक्ट अटर्नी (सरकार पक्षाचा प्रमुख वकील) लोक मत देऊन निवडतात, आणि खर्चाला मंजुरी ५ जणांचं निवडून आलेलं बोर्ड ऑफ सुपरव्हायझर्स देतं (सॅन फ्रान्सिस्को तेवढं अपवाद, तिथे ११ जण आहेत). अशा ५८ काउंट्या आहेत. २०११ पर्यंत राज्याच्या प्रिझनमधून सुटणाऱ्यांवर राज्याचंच पॅरोल खातं नजर ठेवायचं, आणि काउंट्यांचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता.

मग प्रिझन भरून वाहू लागली. सुमारे ८० हजार माणसांसाठी बांधलेल्या इमारतींत जवळपास दुप्पट कैदी होते, उपचारांअभावी माणसं मरत होती. २३ मे २०११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राउन विरुद्ध प्लाटा' खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी कैद्यांची संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणण्याचा आदेश कायम केला. निकाल काय लागणार याची चाहूल राज्याला आधीच होती. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी एप्रिलमध्येच एबी १०९ या कायद्यावर सही केली होती आणि १ ऑक्टोबर २०११ पासून तो लागू झाला. गंभीर नाही, हिंसक नाही, लैंगिक नाही अशा गुन्ह्यांतले लोक शिक्षा भोगायला काउंटीच्या जेलमध्ये जाऊ लागले. अशाच गुन्ह्यांसाठी प्रिझनमध्ये असलेले सुटले की राज्याच्या पॅरोलऐवजी काउंटीच्या प्रोबेशन खात्याकडे (बाहेर असलेल्या दोषींवर नजर ठेवणाऱ्या खात्याकडे) येऊ लागले. इथल्या कार्यालयांत त्यांना सर्रास 'नॉन-नॉन-नॉन' म्हणतात. जबाबदारीबरोबर राज्याच्या करांतला वाटाही काउंट्यांना मिळाला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन ३० मंजूर करून त्या पैशाला राज्यघटनेचं संरक्षण दिलं.

हा पैसा कसा वापरायचा याची योजना 'कम्युनिटी करेक्शन्स पार्टनरशिप' नावाची समिती करते. तुमच्या प्रश्नाचं मर्म इथेच आहे, म्हणून जरा थांबते. योजनेवर मत देणारी कार्यकारी समिती ७ जणांची: मुख्य प्रोबेशन अधिकारी, शेरीफ, एक पोलीस प्रमुख, डिस्ट्रिक्ट अटर्नी, पब्लिक डिफेंडर (ऐपत नसलेल्या आरोपींची बाजू मांडणारा सरकारी वकील), न्यायालयाचा प्रतिनिधी, आणि समाजकल्याण, मानसिक आरोग्य किंवा व्यसनमुक्ती यांपैकी एका खात्याचा प्रमुख. अध्यक्ष मुख्य प्रोबेशन अधिकारी. मोठ्या समितीत एक सेवाभावी संस्था आणि पीडितांची बाजू मांडणारी एक व्यक्ती असते, पण या सातांत त्यांना जागा नाही. स्वतः तुरुंग भोगून आलेल्या माणसासाठी तर कायद्याने कुठेच खुर्ची ठेवलेली नाही. ज्या खात्यांना पैसा हवा असतो त्यांचेच प्रमुख वाटप ठरवतात. वाढपी घरचा असला की पंगतीत कुठेही बसा, अशातला प्रकार.

मग योजना बोर्डाकडे जाते. ती मंजूर झाली असंच कायदा धरून चालतो. फेटाळायची तर बोर्डाची चार-पंचमांश मतं लागतात, म्हणजे पाचांतल्या चौघांनी नको म्हणायला हवं. तीन सदस्यांना योजना अजिबात पटली नाही तरी ती लागू होते. 'बोर्डाची देखरेख' हे शब्द अहवालात दिसले की हा आकडा आठवा.

राज्याच्या लेखापरीक्षकांनी मार्च २०२१ मध्ये अलामेडा, फ्रेस्नो आणि लॉस एंजेलिस या तीन काउंट्या तपासल्या. राज्य आणि काउंटी दोघांचीही देखरेख दुबळी असल्याने पैसा परिणामकारक वापरला जातो याची खात्री देता येत नाही, असा सरळ निष्कर्ष त्यांनी शीर्षकातच दिला. या पैशाची खाती अनेक आहेत, पण तिन्ही काउंट्यांच्या समित्या त्यांतल्या एकाच खात्यावर लक्ष ठेवून होत्या. कार्यक्रमांचा उपयोग होतो की नाही याचं मूल्यमापनही धड झालेलं नव्हतं. प्रबंधासाठी एकच कागद वाचायला वेळ असेल तर हा अहवाल वाचा.

आता खालच्या टोकाला ही देखरेख कशी दिसते ते सांगते, कारण ते अहवालांत सापडत नाही. संस्थेला कंत्राट मिळतं ते बहुधा 'आधी खर्च करा, मग बिल पाठवा' या अटीवर. पगार, भाडं, बसचे पास, कामाचे बूट, सगळं आधी आपल्या खिशातून, आणि काउंटीचे पैसे यायला काही महिने. मोठ्या संस्थांना हे झेपतं. मोहल्ल्यातल्या, सुटून आलेल्यांनीच उभ्या केलेल्या छोट्या संस्थांकडे गंगाजळी नसते, त्या पहिल्याच वर्षी मेटाकुटीला येतात. बसच्या प्रत्येक पासाचा क्रमांक आणि घेणाऱ्याची सही मी वहीत ठेवायचे. एक सही राहिली तर बिल परत यायचं. तिमाही अहवालात रकाने होते: किती जणांची नोंद झाली, किती जणांनी वर्ग पुरा केला, किती जणांना नोकरी लागली. नोकरी किती दिवस टिकली, हा रकानाच नव्हता. गोदामात लागलेला माणूस आठवड्याभरात बाहेर पडला तरी आमच्या कागदावर तो 'नोकरी लागली' म्हणूनच राहायचा.

वर्षातून एकदा काउंटीच्या विश्लेषक बाई यायच्या. सौजन्याने वागायच्या, फायली काढून सह्या आणि तारखा बघायच्या, चहासुद्धा घ्यायच्या. बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसांशी बोलणं त्यांच्या तपासणीच्या यादीत नव्हतं. दोष त्या बाईंचा नव्हे, यादीच तशी केलेली होती.

याचा तोटा कुठे होतो ते एका जुन्या अभ्यासातून स्पष्ट दिसतं. वॉशिंग्टन राज्याच्या प्रिझनमधून सुटलेल्या ३०,२३७ जणांचा पाठपुरावा करणारा हा अभ्यास २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यातला मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२.७ पट होता, आणि अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा १२९ पट. आत असताना शरीराची सवय सुटलेली असते, बाहेर आल्यावर माणूस पूर्वीइतकाच डोस घेतो. म्हणजे खरी घाई त्या चौदा दिवसांची. प्रिझनमधून निघताना हातात 'गेट मनी'चे २०० डॉलर असतात. ही रक्कम १९७३ पासून तेवढीच आहे, आणि गरज पडली तर कपडे आणि बसचं तिकीट त्यातूनच कापतात. ती १,३०० करण्याचं विधेयक २०२२ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. अशा माणसाला पहिली भेट दुसऱ्या दिवशी मिळाली की विसाव्या, हे आमच्या तिमाही अहवालातून कोणालाच कळलं नसतं.

राज्याने पुनरपराधाची व्याख्या केली आहे ती सुटकेनंतर तीन वर्षांत केलेल्या नव्या गुन्ह्यात दोषी ठरणं अशी. मोजायला ती ठीक आहे. पण तो आकडा हाती येईपर्यंत काउंटीचे तीन अर्थसंकल्प होऊन गेलेले असतात, आणि जो दुसऱ्याच आठवड्यात अतिमात्रेने मेला तो या हिशेबात यशस्वीच दिसतो! नवा गुन्हा त्याने केलेलाच नसतो.

सगळीकडे अंधार आहे असं मात्र समजू नका. माझ्या शेजारच्या सांता क्लारा काउंटीने २०१२ मध्ये सॅन होजेत, मेन जेलपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, रीएन्ट्री रिसोर्स सेंटर उघडलं. मेडी-कॅल हा सरकारी आरोग्य विमा, अन्नासाठीची मदत, मानसिक उपचार, जुन्या नोंदी पुसून घेण्यासाठी कायदेशीर मदत, कपडे, सगळं एका ठिकाणी. एरवी माणूस एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हेलपाटे घालतो आणि प्रत्येक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. सगळी एका छपराखाली बसली की टोलवाटोलवी निदान चारचौघांत होते. मला विचाराल तर अर्ध्या समित्यांपेक्षा ही रचना जास्त देखरेख करते.

अलामेडाच्या बोर्डाने २०१५ मध्ये एबी १०९ च्या पैशातला निम्मा वाटा स्थानिक संस्थांना देण्याचं ठरवलं. चळवळीचा मोठा विजय होता तो. तरी २०२१ च्या लेखापरीक्षणात अलामेडाही होतीच, हे विसरू नका.

मला सर्वांत रस वाटला तो लॉस एंजेलिसच्या एका निर्णयात. एक कोटीच्या आसपास लोकसंख्या आणि तिथेही सुपरव्हायझर पाचच! त्यांनी २०१५ मध्ये 'ऑफिस ऑफ डायव्हर्जन अँड रीएन्ट्री' (माणसांना जेलऐवजी उपचारांकडे वळवणारं आणि सुटल्यावर मदत करणारं कार्यालय) काढलं ते प्रोबेशनकडे न देता आरोग्य खात्यात. त्याबरोबर विचारायचे प्रश्नही बदलले. त्यांच्या निवासी कार्यक्रमाचा रँड या संशोधन संस्थेने २०१९ मध्ये अभ्यास केला तेव्हा मोजलं काय, तर डोक्यावर छप्पर टिकलं का: सहा महिन्यांनी ९१ टक्के जणांचं, वर्षाने ७४ टक्के जणांचं. वर्षभरात नव्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरले ते १४ टक्के. हा सुरुवातीचाच अभ्यास होता, त्यामुळे फार हुरळून जाऊ नये. पण आमच्या अहवालात नव्हता तो रकाना इथे आहे.

दुसरा बदल केंद्र सरकारच्या पैशामुळे येतोय. १९६५ च्या कायद्यापासून तुरुंगात असलेल्याला मेडिकेडचा (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मेडी-कॅल हे त्याचंच कॅलिफोर्नियातलं नाव) पैसा जवळपास बंद होता. जानेवारी २०२३ मध्ये त्यातून सूट मिळवणारं कॅलिफोर्निया पहिलं राज्य ठरलं: सुटकेच्या आधी ९० दिवसांपर्यंत मेडी-कॅलमधून ठरावीक सेवा देता येतात. ऑक्टोबर २०२४ पासून हे टप्प्याटप्प्याने सुरू झालंय. औषधं हातात देऊन, बाहेरच्या डॉक्टरची भेट ठरवून माणूस बाहेर पडावा अशी कल्पना आहे. आरोग्य विम्याचा पैसा आला की माणशी नोंदी ठेवाव्याच लागतात, आणि जेल कोणत्या तारखेला कोणाला सोडणार हे आरोग्य खात्याला आधी सांगावं लागतं. अनेक जेलांना मध्यरात्रीनंतर माणसं सोडायची खोड आहे, तिला यातून थोडा तरी चाप बसेल अशी माझी आशा आहे.

तुमच्या डोळ्यांसमोर टिसचा (टाटा समाजविज्ञान संस्थेचा) 'प्रयास' हा प्रकल्प असेल. मुंबईच्या तुरुंगांत तो १९९० पासून काम करतोय, आणि बहुतेक ठिकाणी असं काम संस्थेच्या चिकाटीवर उभं असतं. इथे ते कायद्याने काउंटीच्या गळ्यात आहे, म्हणून कागद मागता येतात, आणि यातला एक भाग तुमच्या थेट उपयोगाचा आहे. कॅलिफोर्नियाच्या पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याखाली माहिती मागायला इथला रहिवासी किंवा नागरिक असणं लागत नाही. तुम्ही तिकडून ईमेल करू शकता. माहिती देता येईल की नाही हे १० दिवसांत कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, काही कारणाने थोडी मुदतवाढ घेतात. १९५३ च्या ब्राउन कायद्यामुळे या समित्यांच्या सभा खुल्या असतात आणि नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. बऱ्याच सभांचं चित्रण ऑनलाइन असतं. लोकांच्या टिप्पण्यांचा भाग ऐकाच. दोन-तीन मिनिटांत बोलायचं असतं आणि सुटून आलेली माणसं तिथे जे सांगतात ते कुठल्याही तक्त्यात येत नाही. शिवाय दरवर्षी प्रत्येक काउंटीत नागरिकांची, स्थानिक कारभाराची चौकशी करणारी सिव्हिल ग्रँड ज्युरी बसते, बहुतेक ठिकाणी १९ जणांची. तिच्या अहवालाला बोर्डाने ९० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि ती उत्तरंही वाचायला मिळतात.

मागताना सगळी योजना मागू नका, तीनशे पानं येतील आणि त्यात काही सापडणार नाही. एक काउंटी घ्या, एकच कंत्राट घ्या. त्याची कामाची व्याप्ती सांगणारं परिशिष्ट, शेवटच्या चार तिमाहींचे अहवाल आणि काउंटीच्या तपासणी भेटीची टिपणं मागा. तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा की व्याप्तीत लिहिलेली कोणती गोष्ट अहवालात कोणी विचारलेलीच नाही. काही अडलं तर इथेच खाली लिहा, हिशेबाची भाषा उलगडून सांगता येईल मला.