मुलगी म्हणते केराटिनमध्ये करिअर करायचंय

पत्र असं आहे, थोडं कापून देते: "मॅडम, आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत एस.वाय. बीएस्सीला आहे. बारावी बी ग्रुपने केली, नीट एकदा दिली पण मार्क पडले नाहीत. गेल्या वर्षी माझ्या नणंदेच्या लिव्हरमध्ये गाठी निघाल्या. बायोप्सीच्या दुसऱ्या रिपोर्टात सीके ७ निगेटिव्ह, सीके २० पॉझिटिव्ह असं काहीतरी आलं, त्यावरून डॉक्टर म्हणाले आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करा, आणि मूळ गाठ खरंच तिथे सापडली. तेव्हापासून मुलगी म्हणते मला केराटिनवरच काम करायचंय. मी केराटिन फक्त पार्लरमध्ये ऐकलंय, स्वतः करूनही घेतलंय, त्यामुळे घरात सगळे हसले. एक प्रायव्हेट इन्स्टिट्यूट सहा महिन्यांच्या कॅन्सर डायग्नोस्टिक्सच्या कोर्सचे दीड लाख मागतेय. ह्यांचं म्हणणं, वर्षभर ड्रॉप घेऊन परत नीट दे. काय करावं?"

ताई,

हसलात ते ठीक आहे, मीही पत्र वाचताना हसले, पण पोरीने बरोब्बर जागा पकडलीय हे आधी सांगते. लिव्हरचा तुकडा बघून गाठ आतड्यातून आलीय हे कसं कळलं, हा प्रश्न तिला पडला ना? तो पडणं हीच मोठी गोष्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ मुलांना "स्कोप कशात आहे" एवढाच प्रश्न पडलेला असतो.

सीके म्हणजे सायटोकेराटिन. केसात, नखात असतं त्याच घराण्यातलं प्रोटीन, पण हे पेशीच्या आत असतं, छपराला वासे असतात तसं, पेशीचा आकार धरून ठेवायला. माणसात केराटिनचे ५४ जीन आहेत आणि शरीराच्या प्रत्येक अस्तराची, म्हणजे कातडी, आतडं, मूत्राशय, फुफ्फुसाच्या नळ्या, यांची आपापली जोडी ठरलेली असते. आणि मजा अशी की पेशी कॅन्सरची झाली, मूळ गाव सोडून लिव्हरमध्ये जाऊन बसली, तरी ती आपलं केराटिन सहसा सोडत नाही. आपण बडोदेकर पुण्यात जाऊन तोंड उघडलं की दोन वाक्यांत ओळखू येतो ना, तसंच समजा. तुमच्या नणंदबाईंच्या गाठीनेही तसंच तोंड उघडलं. सीके २० आहे आणि सीके ७ नाही ही बोली बहुतेक वेळा मोठ्या आतड्याची, उलट सीके ७ आहे आणि सीके २० नाही असं असेल तर फुफ्फुस, स्तन, ओव्हरी असा विचार सुरू होतो.

बहुतेक वेळा म्हटलंय, नेहमी नाही, हे मुलीला नीट सांगा, कारण या धंद्यातली खरी अक्कल तिथेच आहे. आतड्याचे काही कॅन्सर सीके २० दाखवतच नाहीत, लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर बऱ्याचदा दोन्हीला निगेटिव्ह असतो, आणि मर्केल सेल नावाचा त्वचेचा एक दुर्मिळ कॅन्सर आतड्यासारखीच बोली बोलतो, फक्त त्यात सीके २० केंद्रकाजवळ ठिपक्यासारखं दिसतं. म्हणून पॅथॉलॉजिस्ट कधी एका मार्करवर, म्हणजे पेशीच्या एका खुणेवर, सही करत नाहीत, सीडीएक्स २ सारखे आणखी मार्कर लावतात, पेशंटचं वय, स्कॅन, जुनी हिस्टरी सगळं शेजारी ठेवून बघतात. रिपोर्टात ते बाकीचे मार्करही लिहिलेले असतील, काढून बघा तिच्याबरोबर.

एक छोटी गोष्ट तिला आवडेल. माणसाच्या सायटोकेराटिनची पहिली नंबरवार यादी १९८२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या मंडळींनी, मोल आणि फ्रांके वगैरेंनी, छापली. त्यात नंबर १९ पर्यंतच होते! तुमच्या घरी कामाला आलेलं विसावं तेव्हा यादीतच नव्हतं, ते आतड्यातूनच सापडलं आणि १९९० मध्ये त्याला नंबर मिळाला. म्हणजे कुणीतरी आठ वर्षांनी "अजून एक राहिलंय" म्हणून परत शोधत बसलं होतं.

आता तुमचे प्रश्न. मुलीला एकच विचारा, तुला यातल्या कुठल्या खुर्चीवर बसायचंय? कारण "केराटिनमध्ये करिअर" असा डिपार्टमेंट कुठेच नसतो, त्या एका रिपोर्टामागे तीन वेगवेगळी माणसं असतात आणि तिघांचे रस्ते पार वेगळे आहेत.

पहिली खुर्ची मायक्रोस्कोपमागची, रिपोर्टावर सही करणारी. त्याला एमडी पॅथॉलॉजीसारखी डिग्री लागते, म्हणजे नीट, साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग परत नीट पीजी आणि तीन वर्षं. याला शॉर्टकट नाही. डॉक्टर नसताना कुठल्याही डिप्लोमाने, पीएचडीनेसुद्धा, कॅन्सरच्या बायोप्सीवर सही करता येत नाही, आणि कुणी तसं भासवत असेल तर तिथून उठा. तिला डॉक्टरच व्हायचं असेल तर साहेबांचं म्हणणं चूक नाही, पण तुमच्या पत्रात "तिला डॉक्टर व्हायचंय" असं एकदाही आलेलं नाही, "ह्यांचं म्हणणं" असं आलंय. एस.वाय. अर्धवट सोडून ड्रॉप घ्यायला माझा ठाम नकार आहे. डिग्री पूर्ण होऊ दे, नीट नंतरही देता येते.

दुसरी खुर्ची लॅबमधली, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मी मागे एका मुलासाठी चौकशी करायला हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे बायोप्सीचे तुकडे तपासणाऱ्या, लॅबमध्ये गेले होते, तेव्हा पहिली गोष्ट काय दिसली असेल तर हॉटप्लेटवर कुकर! अगदी आपला घरचा, शिट्टीवाला. मला वाटलं यांची खिचडी शिजतेय. तर त्यात स्लाइडी उकळत होत्या. सडू नये म्हणून फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या तुकड्यात प्रोटीन एकमेकांत गुंतून बसतात, अँटीबॉडीला केराटिन सापडतच नाही, म्हणून बफरमध्ये घालून तापवून ती गाठ सोडवावी लागते. मग सीके २० ची अँटीबॉडी घालायची, मग रंग आणणारं केमिकल. जिथे केराटिन असेल तिथे तपकिरी रंग चढतो, बाकी केंद्रकं निळी. तिथल्या टेक्निशियन काकांनी मला बघायला दिलं, निळ्या ठिपक्यांमध्ये काथाच्या रंगाची वर्तुळंच्या वर्तुळं, आणि त्याच स्लाइडच्या कडेला अपेंडिक्सचा एक छोटा तुकडा लावलेला. तो कशाला म्हटलं, तर म्हणे "हा आमचा साक्षीदार, याच्यात सीके २० असतंच, हा रंगला नाही तर पेशंटच्या निगेटिव्हवर विश्वास ठेवायचा नाही." हे वाक्य मी तेव्हापासून दहा जणांना तरी ऐकवलं असेल.

आणि त्याआधी तुकडा मेणात बसवून केलेल्या ब्लॉकमधून काप काढायचे, तीन-चार मायक्रॉनचे, म्हणजे साधारण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाएवढे पातळ, फाटू न देता कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि स्लाइडवर उचलायचे. हात लागतो त्याला. माझ्यासमोरच एक केस आली होती, बायोप्सी कुणीतरी फॉर्मलिनऐवजी सलाईनमध्ये पाठवलेली, दोन दिवस तशीच, तुकडा आतून सडलेला. काका नुसते डबीकडे बघत राहिले. पेशंटला परत सुई! कितीही भारी अँटीबॉडी असू दे, सगळं त्या पहिल्या डबीवर अवलंबून असतं. (जाता जाता, पार्लरच्या बऱ्याच केराटिन ट्रीटमेंटमध्येही फॉर्मल्डिहाइड सोडणारं केमिकल असतं आणि फॉर्मलिन म्हणजे त्याच फॉर्मल्डिहाइडचं पाणी, तेव्हा तुमचा आणि लेकीचा केराटिन अगदीच वेगळा नाही हो. पण पुढच्या वेळी बाटलीवरचं वाचून घ्या.) या खुर्चीसाठी मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीची डिग्री किंवा डिप्लोमा लागतो, मेडिकल कॉलेजला जोडलेला असेल तर उत्तम. पगार सुरुवातीला कमीच, खोटं नाही सांगत, पण आयएचसी, म्हणजे ही अँटीबॉडीने रंगवायची पद्धत, मनापासून येणारा माणूस लॅबवाले सोडत नाहीत.

तिसरी खुर्ची, आणि पत्रावरून मला वाटतं तुमची पोरगी इथली आहे, रिसर्चची. केराटिन फक्त ओळखपत्र आहे की कॅन्सर पसरायला तेच मदत करतं, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही आणि त्यावर आपल्याकडे काम झालंय. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे रिसर्च सेंटर आहे, तिथे मिलिंद वैद्य यांच्या लॅबने कित्येक वर्षं तोंडाच्या कॅन्सरमधल्या केराटिनवर काम केलं. तोंडाच्या अस्तरात एरवी न दिसणारी केराटिन ८ आणि १८ ही जोडी कॅन्सरमध्ये उगवते, ती काय करते, ती काढून टाकली तर पेशी कशी वागते, असं ते काम. गुजरातेत तंबाखू-सुपारीचा मावा किती खाल्ला जातो ते मी तुम्हाला सांगायला नको, कोपऱ्यावरच्या पानाच्या गल्ल्यावर बघताच तुम्ही, तेव्हा विषय घरचाच आहे. रक्तातून केराटिनचे तुकडे शोधायचं कामही चालतं, सायफ्रा २१-१ नावाची टेस्ट म्हणजे केराटिन १९ चा तुकडाच, फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटची प्रगती बघायला वापरतात. (धडधाकट माणसाने पॅकेजमध्ये मिळतेय म्हणून ती करून घेऊ नये, उगाच झोप जाते.)

रस्ता असा: बीएस्सी चांगल्या मार्कांनी, मग एमएस्सी बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक. तिच्याच युनिव्हर्सिटीत दोन्ही आहे, बायोटेकसाठी गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आयआयटीसारख्या ठिकाणी बाहेर जायचं तर जॅम. मग नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा, त्यात २०२३ पासून महिना ३७,००० फेलोशिप आहे, म्हणजे पीएचडी करताना घरून पैसे मागवावे लागत नाहीत. पण पीएचडी पाच-सहा वर्षं खाते, मधे प्रयोग महिनोन्महिने फसतात, आणि लग्नाचं कधी करणार हे विचारणारे नातेवाईक असतातच, त्यांना तुम्ही सांभाळायचं, तिने नाही.

आता दीड लाख. इथे माझी स्वतःची चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मीच अशा एका सर्टिफिकेट कोर्सला जा म्हटलं होतं, ब्रोशर बघून भुलले. सोनेरी अक्षरांचं सर्टिफिकेट आलं, आणि इंटरव्ह्यूत त्याला विचारलं मायक्रोटोम (ते पातळ काप काढायचं यंत्र) चालवला आहेस का? त्याने तो फक्त पीपीटीत बघितला होता. त्याच्या वडिलांना मी अजून तोंड दाखवायला कचरते. तेव्हा फी भरायच्या आधी तिला घेऊन जा आणि त्यांची लॅब बघायला मागा. ऑफिस नाही, लॅब. मायक्रोटोम कुठाय, एक मुलगा सहा महिन्यांत स्वतःच्या हाताने किती ब्लॉक कापतो, किती स्लाइडी रंगवतो, पेशंटचे ब्लॉक कुठल्या हॉस्पिटलातून येतात, हे विचारा. गुळमुळीत उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.

त्याऐवजी दिवाळीच्या सुट्टीत हे करा. नणंदबाईंच्या रिपोर्टावर ज्या पॅथॉलॉजिस्टची सही आहे त्यांना मुलीने स्वतः दोन ओळी लिहायच्या, माझ्या आत्याच्या केसमुळे मला यात रस वाटला, दोन आठवडे लॅबमध्ये उभी राहून बघू का. तुम्ही फोन करायचा नाही हं. नाही म्हणाले तर सयाजी हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीला विचारा, तेही नाही तर अहमदाबादला गुजरात कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये रिसर्चचे स्वतंत्र विभाग आहेत, ट्रेनने जाऊन येण्यासारखं आहे. दोन आठवडे झायलिन नावाच्या लॅबमधल्या केमिकलच्या वासात उभी राहिली आणि तरी सकाळी उठून जायला तयार असली तर मला परत लिहा, मग गॅट-बी की जॅम ते ठरवू.

आणि नणंदबाईंचा मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घेतलाय का? घेतला नसेल तर घ्या, पुढे दुसरा सल्ला किंवा जीनची टेस्ट करायची वेळ आली तर तोच लागतो. उन्हात आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण आहे ते.