दिवे बंद, तरी मीटर लुकलुकतोय

प्रश्न : आम्ही महिनाभर गावी होतो. फ्रिज रिकामा करून बंद केला होता, एकही दिवा चालू नव्हता. तरी बिलात 34 युनिट लागले. मीटर सदोष असेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : मीटरवर संशय घेण्याआधी एक भागाकार करा. 34 युनिट म्हणजे 34,000 वॉट-तास. त्याला तीस दिवसांच्या 720 तासांनी भागलं की 47 वॉट येतात. कुलूपबंद घरात एवढी वीज सहज जाते. टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट-टॉप बॉक्स बहुधा जागाच असतो आणि दहा-बारा वॉट घेत राहतो. इंटरनेटच्या फायबरचा डबा आणि राउटर मिळून आठ-दहा. उरलेली बरीचशी वीज इन्व्हर्टर खातो. बॅटरी भरलेली असली तरी तो ती भरलेली ठेवण्यासाठी थोडा करंट देत राहतो.

अंदाजावर विसंबू नका, मोजून पाहा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी बहुधा 3200 असा आकडा छापलेला असतो. म्हणजे एका युनिटला 3200 वेळा लुकलुक. घरातलं सगळं नेहमीसारखं ‘बंद’ करा, फ्रिज मात्र बटणापासून बंद करा, नाहीतर मध्येच कॉम्प्रेसर सुरू होऊन मोजणी बिघडेल. आता दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. पाच वेळा मोजून सरासरी काढा आणि 1125 ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर वॉटमध्ये येतं. 25 सेकंद लागले तर 45 वॉट. मीटरवर 1600 छापलं असेल तर 2250 घ्या, 6400 असेल तर 562. मग एकेक प्लग काढत पुन्हा मोजा, चोर सापडतो.

दोन गोष्टी फसवतात. चार-पाच वॉटांखालचा भार मीटर नोंदवेलच असं नाही, त्यामुळे एकटा चार्जर असा मोजता येत नाही. अशा वेळी एक ट्यूबलाइट चालू ठेवून आधी तिचे वॉट मोजा, मग वस्तू जोडून पुन्हा मोजा आणि वजाबाकी करा. दुसरं, घराचा मेन स्विच पाडल्यावरही दिवा लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये गळती किंवा चुकीची जोडणी आहे. तिथे परवानाधारक वायरमनच हवा. मीटरच्या सीलला हात लावू नका.

इन्व्हर्टरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण खरी गडबड तिथेच होते. बॅटरीतलं पाणी प्लेटांच्या खाली गेलं किंवा एखादा सेल बसला की बॅटरीचा व्होल्टेज पूर्ण चढत नाही. चार्जरला वाटतं अजून भरायची आहे, आणि तो दिवसरात्र जोरात करंट ढकलत राहतो. बॅटरी हाताला गरम लागणं आणि पाणी लवकर आटणं ही त्याची खूण. अशी बॅटरी महिन्याला वीस-तीस युनिट नुसती उष्णतेत घालवू शकते. पाणी घालताना डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं किंवा आरओचं नको.

गावी जाताना क्रम चुकवू नका. बॅटरी पूर्ण भरू द्या, आधी इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करा, मग भिंतीतला प्लग काढा. नुसता प्लग काढलात तर इन्व्हर्टर बॅटरीवर घर चालवायला लागतो आणि तुम्ही परत येईपर्यंत ती तळाला गेलेली असते. महिन्याहून जास्त जाणार असाल तर निगेटिव्ह वायरही सोडवून ठेवा. परत जोडताना ती शेवटी जोडा. सेट-टॉप बॉक्स बटणापासून बंद केला तर आल्यावर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतील, फार दिवसांनी लावला तर चॅनेल दिसण्यासाठी ‘हेवी रिफ्रेश’ मारावा लागेल, म्हणजे कंपनीकडून बॉक्सला पुन्हा सिग्नल मागवावा लागेल. बारा वॉटांचा बॉक्स वर्षाला 105 युनिट खातो, त्यामानाने ही कटकट काहीच नाही. रात्री राउटर बंद केल्याने मात्र महिन्याला दीड-पावणेदोन युनिट वाचतं. जमलं तर करा, नाहीतर राहू द्या.

प्रश्न : अर्धा तास व्हिडिओ पाहणं म्हणजे सहा किलोमीटर गाडी चालवण्याइतकं प्रदूषण, असं मुलगी शाळेतून ऐकून आली. खरं आहे का? आणि जुने ईमेल पुसून काही फरक पडतो का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : हा आकडा 2019 साली फ्रान्समधल्या ‘द शिफ्ट प्रोजेक्ट’ या गटाच्या आकडेमोडीतून पसरला. त्यात बिट आणि बाइट या डेटा मोजण्याच्या एककांची गल्लत झाली होती. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, त्यामुळे व्हिडिओचा डेटा आठपट धरला गेला. पुढे त्या गटाने चूक दुरुस्त केली, पण चुकीचा आकडा अजून फिरतोच आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2020 च्या विश्लेषणानुसार एक तास व्हिडिओला साधारण 0.08 युनिट लागतं, आणि त्यातला सुमारे 72 टक्के भाग तुमच्या पडद्याचा असतो. डेटा सेंटरचा, म्हणजे जिथे व्हिडिओ साठवलेले असतात त्या सर्व्हरच्या इमारतीचा, वाटा पाच टक्क्यांच्या आसपास.

म्हणून प्रश्न ‘काय पाहिलं’ यापेक्षा ‘कशावर पाहिलं’ हा आहे. 55 इंची टीव्ही शंभरेक वॉट घेतो, फोन दोन-तीन. दुकानातल्या झगमगाटासाठी ठेवलेला ‘व्हिव्हिड’ मोड बदलून ‘स्टँडर्ड’ केला तरी टीव्हीची वीज बरीच उतरते. ‘क्विक स्टार्ट’, म्हणजे टीव्ही झटकन सुरू होण्याची सोय, चालू असेल तर बंद करा. त्या सोयीपोटी काही टीव्ही झोपेतही दहा-वीस वॉट घेतात.

ईमेल पुसून नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरांमधला एकही सर्व्हर बंद होणार नाही. डेटा सेंटरांचा एकूण खर्च मोठा आहेच, 2024 साली जगाच्या विजेच्या सुमारे दीड टक्का, आणि तो वाढतो आहे. पण तो आवरायचा तर शीतकरण, यंत्रांची कार्यक्षमता आणि वीज कुठून येते, इथे आवरावा लागतो. तासभर लॅपटॉप लावून ईमेल पुसत बसलात तर त्यातच तीस-चाळीस वॉट-तास जातील.

प्रश्न : चार वर्षांच्या फोनची बॅटरी दुपारीच संपते. नवा फोन कमी वीज खाईल म्हणून बदलावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : विजेसाठी बदलू नका. 5000 एमएएचची बॅटरी रोज पूर्ण भरली, तरी नुकसानीसकट 25 वॉट-तास, म्हणजे वर्षाला नऊ युनिट. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला सहा-साडेसहा किलो. उलट नवा फोन घडवण्यातच चाळीस-पन्नास किलो जातो. तेव्हा बॅटरी बदला. फक्त त्या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट अजून येतात का, ते आधी सेटिंगमध्ये पाहा. ते थांबले असतील तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार नकोत.

बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल, तर चार्जिंग त्याच क्षणी थांबवा. दाबू नका, टोचू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. फोन कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दुरुस्तीवाल्याकडे न्या. काढलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात गेली तर गाडीत चेपली जाऊन पेट घेते. 2022 च्या नियमांनुसार जुनी उपकरणं आणि बॅटऱ्या यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून कंपनीच्या सेवा केंद्रात आधी विचारा. फोनच द्यायचा असेल तर गूगल खातं काढून मग रीसेट मारा. उलटं केलंत तर फोन तुमच्या पासवर्डवर अडू शकतो आणि दुरुस्त करून कुणाच्या कामी येण्याऐवजी थेट भंगारात जातो.