पाचचं नाणं आणि उरलेला एक महिना

केळापूर तालुक्यातल्या एका कास्तकार भावाचं पत्र आलंय. शाळेपासून नाणी जमवायचा नाद. नागपूरच्या एका प्रदर्शनात कापसाच्या चुकाऱ्यातले 18,000 रुपये देऊन त्यांनी पाचचं जुनं जाड नाणं घेतलं. बिलावर विक्रेत्यानं 'अस्सल टाकसाळी चूक, ब्रोकेज' असं लिहून सही केली. पुढे एका जाणत्या संग्राहकानं ते टाकसाळीबाहेर मागाहून दाबलेलं असल्याचं सांगितलं. विक्रेता फोनवर 'देतो, दिवाळी होऊ द्या' म्हणत राहिला. बिलाला 23 महिने झाले. आता काय करावं, असं ते विचारतात. असली पत्रं मला वरचेवर येतात.

भाऊ, तुम्ही नाण्याबद्दल तीन पानं लिहिलीत आणि तारीख शेवटच्या ओळीत. तुमचं सगळं प्रकरण त्या तारखेवरच उभं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल व्हावी लागते. 'खोटं असल्याचं कळलं त्या दिवसापासून मोजा' असं आपण म्हणू शकतो, पण त्या भरवशावर बसू नका. बिलाच्या तारखेपासून मोजा. हातात एक महिना आहे. तोंडी वायद्यानं मुदत वाढत नाही. उशीर माफ करून घेता येतो, पण त्याला सबळ कारण लागतं आणि 'तो देतो म्हणाला होता' एवढ्यावर ते मिळेलच असं नाही. इतके महिने साधी रजिस्टर्ड नोटीससुद्धा पाठवली नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

आता नाणं. विक्रेता म्हणतो, वजन बरोबर 9 ग्रॅम भरतं म्हणून अस्सल. ही दिशाभूल आहे. कानशीनं घासलेलं किंवा ॲसिडात टाकलेलं नाणं हलकं होतं. दाबलेल्या नाण्याचं वजन कुठे जाणार? खऱ्या ब्रोकेजमध्ये आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावरच छापली जाते. त्यामुळे एका बाजूला उठावाचा 5, तर दुसऱ्या बाजूला तोच 5 उलटा आणि खोलगट येतो. सिंहांचा ठसा झाकलेला असल्यामुळे तिथे सिंह उमटतच नाहीत. तुमच्या फोटोत मात्र खोलगट 5 च्या खालून सिंहांच्या आयाळीच्या रेघा दिसतात आणि मागच्या बाजूचा उठावाचा 5 माथ्यावर चेपलाय. म्हणजे टाकसाळीतून धड बाहेर पडलेलं नाणं दुसऱ्या नाण्यासोबत कुणीतरी व्हाइसमध्ये, म्हणजे कारागिराच्या लोखंडी शिकंज्यात, आवळलंय. मला तरी असंच दिसतं. आयोग तज्ज्ञाचं मत मागवू शकतो.

तक्रार यवतमाळच्या जिल्हा आयोगातच करा. तुम्ही राहता तिथे दाखल करता येते, नागपूरच्या चकरा नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. नाणं पुढे विकायला घेतलं होतं, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असं समोरचा म्हणेल. नाद जुना आहे हे दिसावं म्हणून संग्रहाचे जुने अल्बम, वह्या जोडा. त्याचा मुद्दा टिकेल की नाही, हे आत्ता सांगणं कठीण. तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल द्यावा असा प्रयत्न कायद्यालाच अपेक्षित आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि कास्तकाराची एकेक मजुरी बुडते, हे मी रोज बघतो. तरीही दाखल करा.

पोलिसांत जायचं तर विक्रेत्याला खोटेपणा ठाऊक होता, हे दाखवावं लागेल. ते सोपं नाही.

एक गोष्ट अजिबात करू नका. तुमचा चुलतभाऊ म्हणतो तसं हे नाणं 'टाकसाळी चूक' म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. आता तुम्हाला माहीत आहे, म्हणजे फसवणूक तुमची ठरेल. शिवाय नाणे अधिनियम, 2011 च्या कलम 12 मध्ये मोडतोड केलेलं नाणं बाळगायलाही मनाई आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. फसलेल्या गिऱ्हाइकावर ते लावतील असं मला वाटत नाही. जाणूनबुजून पुढे विकणाऱ्याबद्दल मी तसं म्हणणार नाही.

नाणं घासू-पुसू नका, कागदी पाकिटात ठेवा. बिलाची शाई फिकी होत असेल तर आजच दोन झेरॉक्स काढा. आणि नोटीस याच आठवड्यात गेली पाहिजे, उत्तराची वाट न बघता तक्रार तयार ठेवा.