खिडकी क्रमांक तीन : सासूबाईंचे तीन नमस्कार आणि व्यापाऱ्याचा एक अंगठा

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं मोबाइलमधल्या चित्रांवर आहेत. हसरे चेहरे, जोडलेले हात, अंगठे. संपादकांनी बजावलंय की अंकात चित्रं छापायची नाहीत, तेव्हा मी ती शब्दांतच सांगते. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी तारखात्यातून निवृत्त झालेली बाई. नाशिकच्या तारघरात तीन नंबरच्या खिडकीवर बसून लोकांचे शब्द मोजण्यात माझा जन्म गेला. म्हणून सदराचं नाव हे असं.

प्रश्न : माझ्या सासूबाई ओझरला मोठ्या दिरांकडे असतात. त्यांना आम्ही स्मार्टफोन घेऊन दिला. मी काहीही पाठवलं तरी उत्तर एकच, जोडलेले हात. "आई, गोळ्या संपल्या का?" हात. "पिल्लूला चित्रकलेत बक्षीस मिळालं." हात. इथवर ठीक होतं. पण संक्रांतीला "या वेळी येणं होणार नाही, मोठ्याची दहावीची सराव परीक्षा आहे" असं कळवलं, तर एकदम तीन जोडलेले हात. शब्द एक नाही. मी काय समजायचं ते समजले. तेव्हापासून मीही कामापुरतंच लिहिते. हे म्हणतात, तू उगाच डोक्यात घेतेस. तुम्ही सांगा, तीन हातांचा अर्थ काय?
— एक सून, इंदिरानगर

उत्तर : तुम्ही "कोपरापासून नमस्कार गं बाई तुला" असा अर्थ लावलात, हे तुम्ही लिहिलं नाहीत तरी कळलं. मराठीत ती सोय आहेच. आपण देवापुढे हात जोडतो, पाहुण्यापुढे जोडतो आणि पोरांनी उच्छाद मांडला की त्यांच्यापुढेही जोडतो. समोर माणूस असला की यातला कुठला नमस्कार ते कपाळावरच्या आठ्यांवरून कळतं. फोनमधल्या हातांना कपाळच नाही.

आता ओझरच्या बाजूनं बघा. तुमच्या सासूबाई अंतर्देशीय पत्रांच्या काळातल्या. थोरांना शिरसाष्टांग नमस्कार, बरोबरीच्यांना सा. न. वि. वि., धाकट्यांना अनेक आशीर्वाद. पत्रात दुसरं काही असो नसो, हे असायचंच. सासूनं सुनेला खरं तर आशीर्वाद द्यायचा, नमस्कार नाही. पण त्या फोनमध्ये आशीर्वादाचं चित्र कुठाय? पंजा आहे, तो पाठवला तर लोक निवडणूक आली समजतील. तेव्हा त्यातल्या त्यात बरं दिसणारं, देवाधर्माचं वाटणारं एक चित्र त्यांनी निवडलं आणि सगळीकडे तेच वापरतात. शिवाय त्या बारक्या कीबोर्डवर 'प्रकृतीला जप' लिहायचं तर 'प्र' सापडेपर्यंत चष्मा घसरतो. बोट थरथरलं की एकाचे तीन होतात. माझेही होतात. परवा गॅसवाल्याला मी चार गुलाब पाठवले.

जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर २००५ साली ईमेलवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. आपण उपरोधानं लिहिलंय की सरळ मनानं, हे वाचणाऱ्याला कळेलच अशी लिहिणाऱ्यांना खात्री होती. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना ते त्यामानानं खूपच कमी कळलं. कारण लिहिताना आपला आवाज आपल्याला डोक्यात ऐकू येत असतो. तो पलीकडे जात नाही.

हे आम्हाला तारघरात रोज दिसायचं. "फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली." ही तार तुमच्या वयाच्या बायकांना निदान ऐकून माहीत असेल. माणूस गेलेला असायचा, पण तसं लिहायला हात धजावत नसे, म्हणून 'सिरियस'. हळूहळू सगळ्यांना हा संकेत कळला आणि सिरियस म्हणजे गेलाच असं ठरलं. मग पंचाईत व्हायची ती खरोखर सिरियस असणाऱ्यांची. एक पोरगा माझ्या खिडकीवर आला, आईला दवाखान्यात ठेवलंय, मनमाडला मामांना तार करायची. मी म्हटलं, तीन शब्द वाढव, 'आता बरी आहे' असं लिही. त्यानं पैसे वाचवले. मामा दुसऱ्या दिवशी चार नातेवाईक घेऊन फाटकापासून हंबरडा फोडत आले आणि ही बाई खाटेवर बसून चहात पाव बुडवत होती. तिनं पुढं कित्येक वर्षं भावाला ऐकवलं, तू मला घालवायलाच आला होतास.

तर त्या तीन हातांचा अर्थ काय, हे मी सांगू शकत नाही आणि तुमचे यजमानही नाही. ते फक्त ओझरला माहीत आहे. पण "आई, त्या दिवशी तीन हात का पाठवलेत?" असं विचारू नका, त्यांना ते आठवणारही नाहीत आणि तुम्ही हिशेब ठेवता एवढंच कळेल. दुपारी चारनंतर फोन करा, तिळाच्या वड्या यंदा कडक झाल्या, काय चुकलं, असं विचारा. पाच मिनिटांत आवाजावरून कळेल. आणि पुढच्या वेळी गेलात की त्यांना माइकचं ते बटण दाबून धरायला शिकवा. बोलायला मिळालं की त्या हात जोडणं थांबवतील. मग "किती बोलतात हो" असं पत्र मला लिहू नका.

प्रश्न : मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. परवा नातवाला "ठीक आहे." असा निरोप पाठवला, तर त्याचा लगेच फोन, "आजोबा, रागावलात का?" म्हणे शेवटी पूर्णविराम दिला की रागावल्यासारखं वाटतं, त्याऐवजी एखादा चेहरा टाकावा. आता पूर्णविरामही उद्धट ठरला काय? या चित्रलिपीनं भाषेचं वाटोळं होत आहे असं आपणास वाटत नाही का?
— निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड

उत्तर : सर, नातू अगदीच खोटं बोलत नाहीये. २०१५ साली अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांना असं दिसलं, की फोनवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढं पूर्णविराम असला तर वाचणाऱ्याला ते कमी मनापासून दिल्यासारखं वाटतं. तेच उत्तर हातानं चिठ्ठीवर लिहिलं तर तसं वाटत नाही. फोनवर वाक्य संपलं हे पाठवण्यातच कळतं, त्यामुळे टिंब उरतं ते दार लावल्यासारखं.

पण वाटोळं? तुम्ही मराठीचे शिक्षक, तेव्हा मेजर कँडींचं नाव तुम्हाला मी सांगणं म्हणजे जरा अतीच. तरी इतर वाचकांसाठी सांगते. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ही सगळी मंडळी मराठीत बाहेरून आली. आपली मोडी तर शब्दांत जागाही न सोडता ओळभर धावायची. थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्यानं १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहून ही चिन्हं आपल्याकडे रुजवली. तेव्हाच्या एखाद्या शास्त्रीबुवांना उद्गारचिन्ह बघून काय वाटलं असेल? आश्चर्य वाटलं तर शब्दांत लिहा की, हा दांडू आणि खाली गोटी कशाला? पुढं तुम्ही त्याच दांडूगोटीचे मार्क कापलेत.

आणि हसरा चेहरा पोराटोरांनी नाही काढला. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकवाल्या प्राध्यापकांची एक सूचनापाटी होती, संगणकावरची. तिथं कुणीतरी गमतीनं लिहिलं की लिफ्टमध्ये पारा सांडलाय, आणि काहींनी ते खरंच धरलं. मग थट्टा ओळखू यावी म्हणून खूण काय ठेवायची यावर चर्चा झाली. १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फॅलमन यांनी सुचवलं : विसर्गासारखी दोन टिंबं, एक आडवी रेघ आणि एक कंस, मान तिरकी करून बघा. म्हणजे बघा, तीही विरामचिन्हंच. हुशार माणसांनाही एकमेकांची थट्टा कळेना, तेव्हा निघालेला तो उपाय आहे.

मला स्वतःला या चेहऱ्यांचा राग नाही, आळसाचा आहे. "तुझी कविता वाचली, शेवटचं कडवं दोनदा वाचलं" असं लिहून पुढं चेहरा टाकला तर तो चेहरा शोभतो. नुसता चेहरा आला तर कविता वाचली की नाही इथपासून शंका. आमच्याकडे अभिनंदनाच्या तारांचे ठरलेले मजकूर असायचे, त्यांना नंबर असत. गिऱ्हाईक नंबर सांगायचं, पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं. स्वस्त पडायचं. पण सख्ख्या भावाच्या लग्नाला नंबरवाली तार करणारा खिडकीवर जरा ओशाळूनच उभा राहायचा, एवढं मला आठवतं. तुम्ही "ठीक आहे" लिहा, टिंब वगळा, आणि नातवाला म्हणावं, आजोबांचा राग टिंबात मावत नाही.

प्रश्न : मी मैत्रिणीला दात दाखवून हसणारा चेहरा पाठवला. ती म्हणते तिला तो दातओठ खाणारा वाटला. ती नाटक करतेय का?
— कॉलेजकन्या, सिडको

उत्तर : नसेलही. ही चित्रं म्हणजे मुळात नुसते क्रमांक. फोन फक्त तो क्रमांक पाठवतो, चेहरा ज्याची त्याची कंपनी आपल्या पद्धतीनं काढते. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हेच तपासलं, आणि तुझ्यासारखाच एक दात दाखवणारा चेहरा एका कंपनीच्या फोनवर लोकांना आनंदी, तर दुसरीच्या फोनवर वैतागलेला वाटला. दोघींचे फोन शेजारी ठेवून बघा. भांडण मिटलं नाही तर एक मिसळ मागवा, दोन पाव जास्त.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात माझी दोन एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. व्यापाऱ्यानं बाग पाहिली, भाव तोंडी ठरला. रात्री मी मेसेज केला, "४२ रुपये किलो, सोमवारी गाडी लावा." त्यानं अंगठा पाठवला. रविवारी अवकाळी झाला, थोडे मणी तडकले. सोमवारी गाडी नाही. फोन केला तर म्हणे, "अंगठा म्हणजे मेसेज वाचला एवढंच, सौदा कुठं झाला?" ताई, हा अंगठा धरता येईल का?
— एक द्राक्ष बागाईतदार

उत्तर : दादा, आपल्या भाषेनंच घोळ घालून ठेवलाय. अंगठा उठवला म्हणजे सही केली, आणि अंगठा दाखवला म्हणजे फसवलं. तुमच्या व्यापाऱ्यानं एकाच चित्रात दोन्ही उरकलं.

कॅनडात हाच तंटा कोर्टात गेला होता. सस्कॅचेवान प्रांतात २०२१ च्या मार्चमध्ये एका धान्य खरेदीदारानं शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि "कृपया खात्री करा" असं लिहिलं. शेतकऱ्यानं अंगठा पाठवला. माल द्यायची वेळ आली तोवर भाव बराच चढला होता. माल गेला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं तुमच्या व्यापाऱ्यासारखंच, की अंगठा म्हणजे फक्त मिळालं. २०२३ मध्ये कोर्टानं तो अंगठा होकार धरला आणि शेतकऱ्याला ८२ हजार कॅनेडियन डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली. २०२४ मध्ये वरच्या कोर्टातही निकाल टिकला. पण निकालात नुसत्या चित्राला महत्त्व नव्हतं. त्या दोघांत आधीचे सौदे असेच झाले होते, फोनवर करार यायचा, हा "ओके" किंवा तसंच काही लिहायचा आणि माल पोचवायचा. त्या रिवाजात अंगठा कुठं बसतो, हे कोर्टानं पाहिलं.

तिथला निकाल इथं लागू होत नाही. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ प्रमाणे फोनवर, संगणकावर झालाय म्हणून करार रद्द ठरत नाही, इतकं नक्की. तुमच्या व्यापाऱ्याचा अंगठा होकार होता का, हे वकीलच नीट सांगेल. त्याच्याकडे जाताना त्या व्यापाऱ्याबरोबरचे मागच्या हंगामातले मेसेज घेऊन जा. तेव्हाही तो अंगठाच पाठवत होता आणि गाडी लावत होता, असं निघालं तर तुमचं पारडं जड. मेसेज पुसू नका, फोन विकू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. बाग पाहायला आला तेव्हा बरोबर कोण होतं, त्यांची नावं आजच वहीत लिहा.

आणि तोवर माल झाडावर ठेवू नका. तडकलेले मणी खुडून टाका, बाकीचा माल दुसऱ्या कुणाला दाखवा, कमी भावानं गेला तर ती पावती जपा. नुकसान किती झालं ते त्यावरूनच मांडता येईल.

पुढच्या सौद्याला अंगठा आला तर तिथंच अडवा. म्हणावं, शेठ, लिहून पाठवा : "दर ४२ रुपये किलो, गाडी सोमवारी, मान्य." मी मोजले, सात शब्द होतात. माझ्या खिडकीवर त्याचे पैसे पडले असते.