ओठांचा डाग राहिलेला वाडगा

प्रश्न: जपानी लेखक कावाबाताची 'थाउजंड क्रेन्स' ही कादंबरी वाचली. टी सेरेमनी म्हणजे शांतता, झेन वगैरे असेल म्हणून हातात घेतली, पण इथे तर लफडी, डावपेच, आत्महत्या. मग चहा नुसता डेकोरेशनला आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नाही हो, चहा काढला तर या कादंबरीत काही उरतच नाही. सुरुवातीचा कामाकुराच्या एनगाकुजी मंदिरातला प्रसंग परत वाचा. चहाविधी शिकवणाऱ्या चिकाकोने नायकाला, किकुजीला, मुलगी दाखवायला म्हणून चहाला बोलावलंय आणि त्या मुलीला ती नेमका काळ्या ओरिबे (जपानी मातीच्या भांड्यांची एक शैली) वाडग्यातच चहा करायला लावते. तो वाडगा मूळचा ओताचा, तो गेल्यावर बायकोने किकुजीच्या वडलांना दिला कारण तिचे त्यांच्याशी संबंध होते, आणि वडलांकडून आला चिकाकोकडे, तीही काही दिवस त्यांचीच होती. आणि मिसेस ओता तिथेच बसलेली! कोणी आवाज चढवत नाही, वाडगा हातातून हातात जातो आणि सगळं जुनं वर येतं.

चहाविधीत कोइचा म्हणजे दाट चहा असतो ना, तो सगळे पाहुणे एकाच वाडग्यातून पितात, कड पुसायची आणि पुढे द्यायचा. आपल्याकडे 'उष्टं' हा शब्द आहे त्यामुळे यातली जवळीक आपल्याला चटकन कळावी असं मला वाटतं. म्हणून तर दुसऱ्या एका, शिनो शैलीतल्या वाडग्याच्या कडेवरचा तो तांबूस डाग इतका अस्वस्थ करतो, आईची लिपस्टिक आत मुरलीय असं मिसेस ओताची मुलगी फुमिको म्हणते, धुऊन जात नाही. आई गेल्यावर ती तो किकुजीला देते आणि शेवटी स्वतःच बागेतल्या दगडी कुंडीवर आपटून फोडते. आई मेली पण वाडगा तसाच, हे तिला सोसत नाही, निदान मी तरी ते असंच वाचते.

आणि तुम्हाला खटकलं ते कावाबाताला हवंच होतं. १९६८ च्या नोबेल भाषणात त्याने स्वतः सांगितलंय की ही कादंबरी चहाच्या सौंदर्याचं वर्णन म्हणून वाचणं चूक आहे, चहाविधीत शिरलेल्या सवंगपणाबद्दलची ती शंका आहे, इशारा आहे. १९४९ ते १९५१ मधे ती तुकड्यातुकड्याने छापून येत होती, जपान युद्ध हरलेला, अमेरिकन फौजा अजून देशात. चिकाकोकडे चहाचं शिक्षण पक्कं आहे पण ते ती वापरते कशाला, तर लग्न जुळवायला आणि जुने हिशेब चुकते करायला.

परत वाचाल तेव्हा कोण कुठल्या वाडग्यातून पितंय एवढंच बघत जा.