पहिली जीटीओ घेताना

पहिलीच क्लासिक कार आणि थेट 1967 ची अमेरिकन पॉन्टिअॅक जीटीओ? मजा आहे तुझी! फक्त चकाकत्या रंगावर भाळू नकोस, नवशिके तिथेच फसतात.

आधी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, बघ. 1966 ते 1971 च्या अस्सल जीटीओचा नंबर 242 ने सुरू होतो. 237 दिसलं, तर ती जीटीओचा साज चढवलेली लेमॅन्स, म्हणजे पॉन्टिअॅकचंच स्वस्तातलं मॉडेल. गाडी वाईट नसते, पण भाव जीटीओचा द्यायचा नाही.

मग गंज. फ्रिजवरचा चुंबक रुमालात गुंडाळून मागच्या चाकांच्या कमानींवर आणि दारांखाली फिरव. माझ्या पहिल्या गाडीला तो कमानीवर चिकटेचना. रंगाखाली बोटभर पुट्टी निघाली! डिकीतली मॅट उचल, मागच्या काचेचे खालचे कोपरे बोटाने दाबून बघ.

आणखी दोनच गोष्टी:
- विकणाऱ्याला आधीच सांग, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गार इंजिन सुरू होताना निळा धूर, म्हणजे तेल जळत असल्याची खूण, येत असेल तर तो तुला दिसायला हवा.
- रिस्टोरेशन चालू असतानाचे फोटो आणि बिलं माग. नुसतं 'सगळं नवीन आहे' चालणार नाही.

कार्ब्युरेटर, मॅचिंग नंबर्स (इंजिन वगैरे गाडीचं मूळचंच आहे का ते) यावर नंतर बोलू. आणि हो, ड्रम ब्रेक असतील तर चालवून बघताना पुढच्या गाडीपासून चांगलं लांब राहा.